गडग्यापलीकडचा फुटवा

झाडे उपटण्याचे यंत्र घेऊन रोक्को मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ओरोन्त्साच्या बांधावर आला, तेव्हा ती आधीच वाटेत उभी होती. हातात काठी नव्हती, तरी काठी असल्यासारखा तिचा हात आडवा झाला. रोक्कोने यंत्र थांबवले आणि टोपी काढली.

"मावशी, आज यादीत तुमचं नाव आहे."

"यादी कुणी केली?"

"मंडळानं. पलीकडच्या सगळ्या रांगा झाल्या. तुमचं एकच झाड राहिलंय."

"माझं पहिल्यापासून एकच होतं. पण त्या एकाला तुझ्या बापाचा अख्खा मळा पुरत नव्हता."

"नव्हता, मावशी. पण आता ते सरपण आहे. सहा वर्षं झाली वाळून."

"उत्तरेच्या फांदीला पाला आहे. दिसत नाही का तुला?"

रोक्कोने मान वर केली. करड्या, झडलेल्या फांद्यांच्या जंजाळात एका टोकाला मूठभर हिरवट पाने खरोखरच होती.

"एवढा पाला माझ्या टकलावरही आहे," तो म्हणाला.

"म्हणून तुला कुणी उपटलं का?"

तो हसला. यंत्रावर चढता चढता म्हणाला, "ईस्टर झाल्यावर येतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा मात्र आडव्या येऊ नका. नंतर यंत्र दुसऱ्या गावाला जाणार."

यंत्राचा आवाज दूर गेला. ओरोन्त्साने झाडाकडे पाहिले नाही. तिने गडग्यापलीकडे पाहिले. गेली दोन वर्षे ती असेच करीत होती, आणि प्रत्येक वेळी छातीत डाव्या बाजूला एक ठिणगी पडल्यासारखे होत होते.

रचलेल्या दगडांचा तो गडगा दोन भावांच्या वाटणीचा होता. पांतालेओ थोरला, वीतो धाकटा. दोघांच्या आजोबांच्या काळी तांबड्या मातीचा हा तुकडा सलग होता आणि त्यात चार बायकांच्या कवेत न मावणारी दोन ऑलिव्हची झाडे होती. वाटणीत एकेकाला एकेक झाड आले. पांतालेओशी ओरोन्त्साचे लग्न झाले, वीतोशी चेझारियाचे. भाऊ दोन्ही गेले, जावा राहिल्या. गडग्याच्या एका बाजूला ओरोन्त्सा एकटी, पंच्याहत्तर वर्षांची, ताठ. दुसऱ्या बाजूला चेझारिया, चार मुले, नऊ नातवंडे, सुजलेले गुडघे आणि पंधरा कोंबड्या.

ओरोन्त्साचा बाप कलमे बांधणारा होता. त्याला मुलगा नव्हता म्हणून त्याने चाकू मुलीच्या हाती दिला, आणि पंचक्रोशीतले पुरुष पहिली दोन वर्षे हसले. नंतर तेच पुरुष टोपी हातात धरून तिला बोलवायला येऊ लागले. तिच्या हातचे कलम धरले नाही असे सहसा होत नसे. ज्या हाताने हजार झाडांना जीव लावला त्या हाताखाली स्वतःची कूस मात्र उजवली नाही. दोनदा आशा लागली आणि दोनदा रक्तातून वाहून गेली. दुसऱ्या वेळी चेझारिया तिसऱ्यांदा गरोदर होती आणि पोट पुढे काढून, हातात गरम रस्सा घेऊन, तिला बघायला आली होती. तो रस्सा ओरोन्त्साने मुकाट्याने प्यायला. त्याची चव तिला अजून आठवत होती.

झाडाच्या बाबतीत मात्र ती वरचढ होती. ऑलिव्हच्या म्हाताऱ्या झाडाला मुळापासून रानटी फुटवे येतात. वरच्या कलमाचे अन्न ते खातात. चांगला शेतकरी ते ऑगस्टच्या मोठ्या सणाआधी कापून टाकतो, म्हणजे सणाला जाणाऱ्या माणसाला बुंधा स्वच्छ दिसतो. ओरोन्त्साचा बुंधा चर्चच्या खांबासारखा असे. चेझारियाचा बुंधा म्हणजे झुडूप. तिने फुटवे कधी कापलेच नाहीत, कारण त्यांच्या सावलीत तिच्या कोंबड्या अंडी घालीत. "बुंध्याला दाढी ठेवलीय चेझारियानं," असे गाव म्हणे, आणि ओरोन्त्सा ते ऐकून काहीच बोलत नसे. बोलण्यापेक्षा ते तिला गोड लागे.

मग तो रोग आला. आधी टोके करपली, मग फांद्या, मग रानेच्या राने. समुद्रापासून टेकडीपर्यंत तांबडी माती आणि करडी झाडे एवढेच उरले. दोन्ही झाडे एकाच उन्हाळ्यात वाळली. त्या ऑगस्टमध्येही ओरोन्त्साने कोयती पाजळली आणि मरणाऱ्या झाडाच्या मुळाशी आलेले सात फुटवे कापून काढले. झाड मेले तरी त्याचे पाय स्वच्छ असावेत म्हणून. ते पुन्हा आले नाहीत.

चेझारियाचे झाडही मेले. पण कोंबड्यांच्या विष्ठेत माखलेली ती दाढी हिरवी राहिली. त्यातले तीन फुटवे माणसाच्या उंचीचे झाले, आणि मागच्या हिवाळ्यात त्यांना ऑलिव्ह धरले.

*

फ्लोरियाना लाल फिती घेऊन आली त्या दिवशी ओरोन्त्सा गडग्याचा ढासळलेला दगड बसवीत होती. फ्लोरियाना ही चेझारियाची थोरली नात, एकतीस वर्षांची, शहरातल्या शेतकी संस्थेत कामाला. जाड बूट, मळकी पँट, केस वर बांधलेले. तिने तिन्ही फुटव्यांना फिती बांधल्या आणि वहीत काही लिहिले.

चेझारिया खुर्ची घेऊन उन्हात बसली होती. आवाज गडग्यापलीकडे नीट जावा इतपत तिने तो चढवला.

"जाऊबाई, ऐकलंत का? आमच्या फुटव्याला रोग शिवत नाही म्हणे. दोन वर्षं तपासलं."

"कोंबड्यांनाही शिवत नाही," ओरोन्त्सा दगडाकडे बघत म्हणाली.

"त्याला नाव देणार आहेत. कागदावर. माझं."

दगड ओरोन्त्साच्या बोटावर बसला. तिने बोट तोंडात धरले नाही.

"चेझारिया एक," फ्लोरियाना संकोचाने म्हणाली. "संस्थेची पद्धत आहे, मोठी आजी. ज्याच्या आवारात सापडलं त्याचं नाव."

"आणि आळसाचं नाव कुठं लिहितात?"

"हे बघा!" चेझारिया खुर्चीतून अर्धी उठली. "चाळीस वर्षं गावाचे टोमणे ऐकले मी. 'झाडून घे गं बुंधा, चेझारिया. लाज आहे का, चेझारिया.' मी झाडला असता तर आज काय राहिलं असतं?"

ओरोन्त्साने पुढचा दगड उचलून रचला.

फ्लोरियाना गडग्यापाशी आली. "मोठी आजी, एप्रिलमध्ये साल सुटली की याच्या काड्या जुन्या खोडांवर बांधून बघायच्या आहेत. संस्थेतली माणसं रोपवाटिकेतलं कलम करतात. एवढ्या जुन्या खोडाला हात घालणारं कुणी उरलं नाही. तुम्ही..."

"माझे हात थरथरतात."

"परवा सुईत दोरा ओवताना पाहिलं मी तुम्हाला. चष्म्याशिवाय."

"तुझ्या आजीच्या कोंबड्यांची विष्ठा मी कलमाला लावायची नाही," ओरोन्त्सा म्हणाली आणि घरात गेली. वालाचे पिठले चुलीवर लागले होते. तिने ते तसेच, करपलेले, उभ्याने खाल्ले.

*

ईस्टरनंतरच्या मंगळवारी दक्षिणेचा दमट वारा सुटला. अशा वाऱ्यात दुपारी गाव खिडक्या लावून घेते. ओरोन्त्साने भिंतीवरची कोयती काढली. पाजळलेलीच होती, तरी तिने दोनदा दगडावर ओढली.

गडग्याला पूर्वी मुलांनी पाडलेली एक खिंड होती. तिच्यातून ती पलीकडे गेली. चेझारियाच्या मुलांनीच ती पाडली होती. ओरोन्त्साच्या झाडाखाली खेळायला येण्यासाठी.

कोंबड्या बाजूला झाल्या. ओरोन्त्सा गुडघ्यावर बसली. मनात तिने स्वतःला काहीच सांगितले नव्हते. फुटवा तोडायला आपण आलो आहोत हे तिला ठाऊक होते आणि तरी ठाऊक नव्हते. हाताला मात्र सगळे ठाऊक होते. पन्नास वर्षे त्याने हेच केले होते: डाव्या हाताने फुटवा वाकवायचा, मुळाशी तिरका घाव घालायचा. लाल फीत तिच्या मनगटावर घासली. एक घाव बसला आणि पहिला फुटवा तिच्या हातात आला.

दुसऱ्याला तिने हात घातला, आणि सवयीनेच तोडलेल्या काडीचा काप पाहिला.

काप स्वच्छ होता. ओला, फिकट हिरवा, कडेला सायीसारखा पांढरा. गेली आठ वर्षे तिने ज्या ज्या फांदीवर चाकू चालवला तिच्या आत विटकरी डाग होते, जळक्या दुधाच्या तळासारखे. असा काप असतो हे ती विसरली होती. तिने तो जिभेला लावला. कडू, तिखट, जिवंत.

ती किती वेळ तशी बसली कुणास ठाऊक. गुडघ्याखाली खडा रुतत होता. मग तिने कोयती खाली ठेवली, विहिरीवरच्या बादलीत पदरासारखा पुढचा एप्रन बुडवला, काडी त्यात गुंडाळली आणि तान्हे मूल न्यावे तशी छातीशी धरून खिंडीतून परत आली. ओली काडी वाऱ्यात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ती वाया जाऊ देणे हे तिच्या हातून होण्यासारखे नव्हते, मग ती कुणाच्या का आवारातली असेना.

आणि जवळ खोड होते ते एकच.

*

तिने उत्तरेच्या बाजूने बुंध्याची साल चाकूच्या टोकाने टोकरून पाहिली. मेली, मेली, मेली. मग एके ठिकाणी खाली हिरवे लागले. तिथून पुढे अडीच वीत रुंदीचा जिवंत पट्टा होता, जमिनीपासून त्या मूठभर पाल्यापर्यंत गेलेला. सहा वर्षे ते झाड तेवढ्या वाटेने श्वास घेत होते.

तो पट्टा उत्तरेच्या फांदीत शिरत होता तिथे तिने करवत लावली, आणि चालवताना तिला दम लागला. निम्मा काप झाला तेव्हा मागून आवाज आला.

"मोठी आजी."

फ्लोरियाना उभी होती. हातात तुटलेली लाल फीत.

ओरोन्त्साने करवत थांबवली नाही. "आलीसच आहेस तर ते टोक धर. वाकडं जातंय."

"तुम्ही संस्थेचं झाड तोडलंत."

"एक तोडलं. दोन आहेत अजून. धरतेस की नाही? वाळतंय ते."

फ्लोरियानाचे तोंड रागाने लाल झाले होते. पण ओल्या एप्रनमधली काडी तिनेही पाहिली, आणि ती झाडे वाढवणारी बाई होती. तिने करवतीचे दुसरे टोक धरले.

कापलेले तोंड ओरोन्त्साने चाकूने लोण्यासारखे गुळगुळीत केले. जिवंत सालीत उभा छेद दिला, सालीची कड सोडवली. ती ओल्या कागदासारखी सुटली. काडीचे सहा तुकडे केले, प्रत्येकाला दोन डोळे ठेवले, पाने निम्मी कापली, टोक एका बाजूने तिरके सोलले. पहिला तुकडा साल आणि लाकूड यांच्या मध्ये सरकला तसे तिच्या खांद्यांतले सगळे वय गेल्यासारखे झाले.

"दोरा."

फ्लोरियानाने दोरा दिला. दुसरा तुकडा गेला. तिसरा.

"याला फळ कधी येईल?" फ्लोरियानाने विचारले. राग अजून आवाजात होता.

"पाच-सहा वर्षांनी."

"आणि असं खोड व्हायला?"

"चारशे वर्षं धर."

"तुम्ही नसाल."

"तूही नसशील. फार शहाणी आहेस."

"मग कुणासाठी?" फ्लोरियाना खरोखरच विचारीत होती. "मी रोज हेच करते, मोठी आजी, काड्या, नंबर, वह्या. पण घरी जाताना वाटतं, चारशे वर्षांनी इथं माणूस असेल कशावरून? पाणी आटतंय. मागच्या जुलैत रस्त्याचं डांबर वितळलं. मी तर ठरवलंय, मूल नको. कशाला कुणाला आणायचं यात? संपलं तर संपलं."

चौथा तुकडा ओरोन्त्साच्या हातात तसाच राहिला.

मूल नको. किती सहज म्हणाली ती. जे आपण चर्चमधल्या मादोन्नापुढे गुडघे फुटेपर्यंत मागितले ते या पोरीने न मागता मिळेल असे असून हातानेच बाजूला सारले. जुनी ठिणगी पुन्हा पडली. पण तिच्याखाली आणखी काहीतरी होते, आणि ते जास्त थंड होते.

स्वतःच्या मरणाची ओरोन्त्साला भीती नव्हती. दफनभूमीत पांतालेओशेजारची जागा तिने राखून ठेवली होती. तिथे लावायचा फोटोही निवडला होता, कानातले नीट दिसतात तो. पण त्या फोटोपुढून कुणी जाणारच नाही, असे तिने कधी मनात आणले नव्हते. कुणीच नाही. तिचे नाही, चेझारियाचेही नाही. गडग्याच्या दोन्ही बाजूंना कुणीच नाही.

"इकडं ये," ती म्हणाली. "हा घाव बघ. खालून वर गेलाय. साल फाटलीय. हा डावखुरा होता. माझ्या सासऱ्याच्या आजोबांच्या आधीचा. जिथं जिथं हात लावला तिथं नासधूस केलीय गाढवानं. पन्नास वर्षं मी त्याच्या चुका निस्तरतेय आणि रोज त्याला शिव्या घालतेय."

फ्लोरियानाने बोट फिरवून तो जुना वण पाहिला.

"आणि तो वरचा बघ, फांदीच्या बगलेतला. थेंबभर पाणी थांबत नाही त्यात. त्याच्याहून जुना आहे. तो गुणी होता. नाव नाही, गाव नाही. आणि मला त्याचा हेवा वाटतो. आजही. मी तसा काप एकदाच मारला, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, आणि तो पाहायला सासरा जिवंत नव्हता."

"मेलेल्या माणसाचा हेवा?"

"मेलेल्याचाच जास्त. त्याची चूक काढायला गेलं तर तो भांडत नाही." ओरोन्त्साने चौथा तुकडा आत सरकवला आणि बांधला. "मी मरेन त्याचं मला काही नाही. पण माझा काप बघून जळणारं कुणी नसेल, तर मी नीट कापू कशाला? गवत कापल्यासारखं कापीन."

"म्हणजे माणसानं टिकावं ते तुमच्यावर जळायला?"

"शिव्या घालायला येऊ देत. पण येऊ देत."

फ्लोरियाना हसली, मग तिला हसू आवरेना. त्या हसण्यातच दोघींना काठीचा आवाज ऐकू आला. चेझारिया खिंडीतून येत होती, एक पाय पुढे, एक मागे ओढत. मुलांच्या त्या खिंडीतून ती कित्येक वर्षांत आली नव्हती.

"चोर," ती म्हणाली. धापा टाकत होती. "दिवसाढवळ्या चोर."

"चोर नव्हे," ओरोन्त्सा म्हणाली. "चोरायला मी आले नव्हते. तोडायला आले होते. तिन्ही."

फ्लोरियानाने चमकून तिच्याकडे पाहिले. चेझारियाने मात्र पाहिले नाही. ती एका दगडावर बसली आणि गुडघा चोळू लागली.

"ठाऊक आहे मला. खिडकीच्या फटीतून बघत होते."

"मग ओरडली का नाहीस?"

"बघत होते, किती तोडता ते." जरा वेळाने ती म्हणाली, "वाटणी झाली त्या वर्षी मी तुमच्या झाडाला मिठाचं पाणी घातलं होतं. दोन घागरी. तुमचा बुंधा बघून बघून डोळे दुखायचे माझे. सासूबाई पाहुण्यांना तुमच्याच झाडाखाली बसवायच्या."

ओरोन्त्साने बुंध्यावर हात ठेवला.

"त्या वर्षी ते दुप्पट धरलं," ती म्हणाली.

"बघितलं की. रडले मी त्या वर्षी. वीतोला वाटलं, दाढ दुखतेय."

वाऱ्याने एप्रनमधले उरलेले दोन तुकडे उघडे पडले. ओरोन्त्साने पाचवा उचलला आणि तिचा हात थरथरला. या खेपेला खोटे नव्हते. करवतीने दंड भरून आला होता. टोक सालीवर घसरले. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा घसरले. दोन बायका आपल्याकडे बघत आहेत हे तिला पाठीला जाणवत होते, आणि त्यातली एक चेझारिया होती.

तिने चाकू उलटा करून मूठ फ्लोरियानापुढे धरली.

"तू घाल. सालीच्या आत, लाकडाला चिकटून. दाबू नकोस, ढकल. अगं, पाव कापतेस का? असा धर."

फ्लोरियानाने दोन्ही तुकडे घातले. प्रत्येक हालचालीला ओरोन्त्सा तिला टोकत होती. सहाही तुकड्यांच्या कडेला तांबड्या मातीचा लेप बसला, वर कागदाची टोपडी चढली. चेझारिया दगडावरून उठली नाही.

"माझ्याकडे आली की ही दोन घास खाते नि फोनमध्ये बघत बसते," ती शेवटी म्हणाली. "इथं दोन तास झाले, एकदाही फोन काढला नाही."

ओरोन्त्साने हात पुसले. तिला तिच्या जावेच्या आवाजात एक ओळखीचा सूर ऐकू आला, आणि तो तिने आणखी थोडा वेळ ऐकू येऊ दिला.

"रोज पाणी घालायला लागेल," ती फ्लोरियानाला म्हणाली, पण चेझारियाकडे बघत. "रोज ये."

*

ती रोज आली. संस्थेत तिने काय सांगितले ते तिने सांगितले नाही, वहीत मात्र तोडलेल्या फुटव्यापुढे लिहिले होते, "कलमासाठी काढला." वारा आठ दिवस टिकला आणि मातीचा लेप तडकला. ओरोन्त्सा तो ओल्या बोटाने सांधी. टोपड्यांच्या आत बघायचे नाही, असा तिचा हुकूम होता, आणि सर्वात जास्त मोह तिलाच होई. दुपारी चेझारिया खुर्ची घेऊन गडग्यापाशी बसे. कधी जवाचा भिजवलेला पाव आणि टोमॅटो नातीसाठी ठेवी, आणि नात तो ओरोन्त्साबरोबर वाटून खाई, तेव्हा चेझारिया तोंड फिरवी.

"खोड माझं, मूळ माझं," ओरोन्त्सा एकदा तिला ऐकू जाईल असे म्हणाली, "आणि वर नाव हिचं लागणार."

"चारशे वर्षं," चेझारिया म्हणाली. "तोंडानं घ्यावं लागेल सगळ्यांना. 'चेझारियाचं ऑलिव्ह.' सवय करून घ्या, जाऊबाई."

रात्री ओरोन्त्साला झोप लागत नसे असे नव्हे. पण पहाटे जाग येताच पहिला विचार टोपड्यांचा येई. एकही धरले नाही तर रोक्को येईल. मग गडग्याच्या एका बाजूला खड्डा राहील आणि दुसऱ्या बाजूला फिती. चेझारिया काही म्हणणार नाही. तेच सोसवणार नाही.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी सकाळीच यंत्राची घरघर ऐकू आली. रोक्को खाली उतरला आणि कागदाच्या टोप्या घातलेले खोड बघून थबकला.

"मावशी, हे काय? बारसं आहे का?"

"थांब तिथंच." ओरोन्त्साने चष्मा लावला. "फ्लोरियाना, काढ. माझी आधी."

पहिले टोपडे निघाले. तुकडा काळा पडला होता. दुसऱ्याचा तसाच. तिसऱ्यावर तांदळाएवढा एक हिरवा डोळा उघडला होता. चौथा काळा.

चारात एक. उभ्या आयुष्यात असे झाले नव्हते. गडग्यापाशी चेझारिया उभी राहिली होती. काहीच बोलली नाही.

पाचवे टोपडे फ्लोरियानाने स्वतःच, श्वास धरून काढले. दोन्ही डोळे फुटले होते. सहावे काढले. त्याला नखाएवढी चार पाने आली होती, चांदीसारखी पाठ असलेली, आणि सालीच्या कडेने पांढरा सांधा असा भरून आला होता की काडी कुठे संपते आणि खोड कुठे सुरू होते ते सांगता येऊ नये.

ओरोन्त्सा वाकली. साल फाटली आहे का पाहिले, नव्हती. तिरका काप उघडा राहिला आहे का पाहिले, राहिला नव्हता. काडी वाकडी आहे का पाहिले. चाकूच्या पाठीने हळूच टोचून पाहिले. दोष सापडेना. पहिल्याच दिवशी. पहिल्याच हाताने. तिच्या छातीत डाव्या बाजूला ठिणगी पडली, चेझारियाच्या घरातल्या पाळण्यांसाठी पडत असे तशी, त्या रश्शाच्या वाटीसाठी पडली होती तशी. ती पसरत गेली, आणि ओरोन्त्साने तिला विझवायला काहीच केले नाही.

"यंत्र परत नेऊ?" रोक्कोने विचारले.

"ने. आणि वाट सोडून ने. मुळांवर चाक घालशील."

फ्लोरियाना तिच्या तोंडाकडे बघत होती, हसायचे की नाही हे न कळून.

"गाठ सैल बांधलीस," ओरोन्त्सा म्हणाली.

"सैल? दाखवा ना कुठं."

"सैल आहे म्हटलं ना."

गाठ सैल नव्हती. ओरोन्त्साने ती सोडली, दोरा बोटांवर ताणला, आणि होती तशीच, त्याच जागी, पुन्हा बांधली.